आर-सातसमोरची रिकामी जागा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच कामात होते. सोमवार होता. परीक्षा नुकत्याच संपल्यामुळे कॉलेजच्या ग्रंथालयात कुणी नव्हतं, आणि मी लॅपटॉप उघडून आदल्या दिवशी बोरीला अर्धं राहिलेलं एक सर्किट पुढं नेत बसले होते. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात शिल्लक जोडण्यांचा आकडा दिसत होता : तीन. तेवढ्यात गौतमरावांचा फोन आला. "ताई, कुठं हाव तुमी? बसून घ्या जरा." मी बसलेलीच होते. "दाजी गेले... सकाळी चहा पिऊन दुकानात आले, खुर्चीवर बसले, ते उठलेच न्हाईत." मी 'हो' म्हणाले. फोन ठेवल्यावर मी आधी ते सर्किट सेव्ह केलं, मग लॅपटॉप मिटला, मग पर्स शोधली. या क्रमाचं मला आजही नवल वाटतं. जणू ती फाईल नीट ठेवली नसती तर दाजींना राग आला असता.

दाजी म्हणजे विश्वनाथराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी आठवीत असताना अक्काचं लग्न झालं. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, पण हे सगळ्या बोरीचेच दाजी होते; त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही त्यांना दाजीच म्हणत. गावात रस्त्याला लागून त्यांचं दोन खोल्यांचं दुकान. बाहेरच्या खोलीत जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरायचं काम चाले, ते गौतमराव बघत. गौतमराव मूळचे पेडगावचे. मोटार भरायला शिकायचं म्हणून तरुणपणी दाजींकडे आले आणि भागीदार होऊन राहिले. आतल्या खोलीत दाजींचं टेबल. दाजींचं लहानपण येलदरीला गेलं. वडील धरणात मासेमारी करायचे. वीजघराची घरघर ऐकत झोपायची त्यांना इतकी सवय होती, की आमच्या परभणीच्या घरी पहिल्यांदा मुक्कामाला आले तेव्हा म्हणाले, "लय शांत हाय तुमच्याकडं. झोप कशी लागती तुमाला?" ती घरघर नेमकी कशाची, हे शोधत शोधत आपण या धंद्यात आलो, असं ते सांगत.

त्यांनी केलेली खास वस्तू म्हणजे ऑटो. ज्यांनी विहिरीवरची मोटार पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतातली वीज, म्हणजे आमच्या बोलीत लाईन, ठरल्या वेळीच येते, आणि ठरल्या वेळीच येईल असंही नाही. लाईन आली की कुणीतरी विहिरीवर जाऊन बटण दाबायचं. ते टाळायचं तर स्टार्टरच्या पेटीत ऑटो बसवतात. लाईन आली की तो आपोआप मोटार चालू करतो, विहीर आटली की बंद करतो. बाजारात तयार ऑटो पुष्कळ मिळतात. दाजींनी मात्र स्वतःचं सर्किट मांडून स्वतःचं कार्ड बनवलं होतं. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी किंवा तपकिरी पाटी. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा आणि त्या वाटांवर वितळलेल्या कथलाचा डाग देऊन बसवलेले सुटे भाग. बोरीच्या शिवारात 'दाजींचा ऑटो' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नसे.

ही कार्डं ते हातानं करायचे. तांब्याचा पत्रा चढवलेली पाटी घ्यायची, तिच्यावर नखपॉलिशनं वाटा रंगवायच्या आणि ती एका औषधाच्या पाण्यात बुडवायची. रंगवलेलं तांबं शिल्लक राहतं, बाकीचं पाणी खातं. या कामात अक्काच्या दोन प्लॅस्टिकच्या बादल्या आणि धुण्याचा एक दगड कायमचे पिवळे झाले. "दुकानातून नखपॉलिश आणायचे तवा गावाला वाटायचं, काय हौस हाय बायकोची," अक्का सांगायची. "माझ्या बोटाला एक थेंब कधी लागला न्हाई." तिची दुसरी तक्रार यापेक्षा जुनी होती. त्यांचं दोन एकर रान होतं, तिथल्या मोटारीलाही अर्थात दाजींचाच ऑटो. पण लाईन आली की शेजाऱ्यांच्या मोटारी लागत, पाणी पाटात पडे, आणि अक्काची मोटार तशीच गप्प. मग बऱ्याच वेळानं लागायची. "जगाच्या मोटारी उठवतेत, अन् घरची मेली सगळ्यात मागून उठती. एकदा बघा की तिच्याकडं!" दाजी म्हणायचे, "बघतो." आणि बघायचे नाहीत.

तीनेक वर्षांपूर्वी दाजींचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी चालणं-बोलणं ठीक राहिलं, पण नखपॉलिशची बारीक रेघ हातातून गेली. अधूनमधून एखादं नावही अडायचं. माझ्या मुलाला माझ्या भावाच्या नावानं हाक मारायचे आणि आपणच हसायचे. एका रविवारी मी गेले तर चौकटीच्या वह्यांची चळत समोर घेऊन बसलेले. शाळकरी पोरं गणिताला वापरतात तसल्या वह्या, एका पानावर एक सर्किट, शिसपेन्सिलीनं काढलेलं. म्हणाले, "लायब्रीवाल्या बाई, तुमच्या कॉलेजात ते कम्प्युटरवर सर्किट काढायचं शिकवतेत म्हणं. तिथनं पुण्याला फाईल धाडली की छापून कार्ड येतंय." मी म्हटलं, शिकवत असतील, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "तुमाला कळायची गरजच न्हाई. कळायला मी हाय. मला हात पायजे." मग माझ्याकडे न बघता त्यांनी खरं सांगितलं. "गौतमला मोटार भरता येती, डाग देता येतो. चित्र येत न्हाई. बाजारात मोटारी भरायचं काम कमी व्हायलंय. मी गेल्यावर ह्यो ऑटो चालू राहिला, तर त्याचं दुकान चालू राहील. न्हाईतर ह्या वह्या अक्का रद्दीत घालंल."

"घालीनच," अक्का आतून म्हणाली.

आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका प्राध्यापकांनी फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून दिलं, दोन दुपारी शिकवलं, आणि तिथून माझे रविवार बोरीचे झाले. सकाळची जिंतूरची एसटी, पिशवीत लॅपटॉप, आणि दिवसभर त्या आतल्या खोलीत आम्ही दोघं. दाजी वही धरायचे, मी माऊस. अर्धं आयुष्य पुस्तकांच्या नोंदी करण्यात गेलेल्या मला हे काम इतकं आवडेल, असं वाटलं नव्हतं.

आधी वहीतलं सर्किट जसंच्या तसं स्क्रीनवर काढायचं. पण त्या चित्रात कोणता भाग कुठं बसणार हे नसतंच, हे मला फार उशिरा उमगलं. त्यात फक्त कुणाचा कुणाशी संबंध आहे एवढंच असतं. "हे सोयरिकीचं चित्र हाय," दाजी म्हणाले. "कोण कुणाचा जावई, कोण कुणाचा साडू. कुणाचं घर कुठल्या गल्लीत हाय, ते ह्याच्यात न्हाई." मग एक बटण दाबलं की सगळे भाग दुसऱ्या खिडकीत येऊन पडतात, आपापल्या खऱ्या आकारात, एकमेकांवर ढीग, आणि ज्यांचा ज्यांच्याशी संबंध त्यांच्यामध्ये पांढऱ्या बारीक रेघा ताणलेल्या. पहिल्यांदा ते पाहून मी घाबरले. वाटलं, आपण काहीतरी मोडलं. दाजी खुशीत होते. "आता गाव वसवायचं. लांबच्या सोयऱ्याला जवळ आणा, रेघ आखूड हुईल. अन् एक ध्यानात ठिवा, रस्त्यावर रस्ता चढता कामा नये." मग एकेक भाग उचलून जागेवर ठेवायचा, गरगर फिरवायचा, आणि पांढऱ्या रेघेच्या जागी तांब्याची वाट ओढायची. एक वाट झाली की शिल्लक आकडा एकानं उतरायचा. कधी शेवटची एक रेघ अशी अडकायची की तिच्यासाठी दहा वाटा पुसाव्या लागत. तेव्हा दाजी डोळे मिटून बसत. त्यांचा थरथरणारा हात मांडीवर असायचा आणि त्याचं एक बोट हवेत वाट काढत असायचं. मग म्हणायचे, "त्या काळ्या डब्याच्या पोटाखालनं घ्या." आणि वाट निघायची.

पुण्याला फाईल पाठवायच्या आधी त्यांचा एक नियम होता. चित्र खऱ्या मापात कागदावर छापून आणायचं, आणि खरे भाग हातात घेऊन त्यांचे पाय कागदावरच्या छिद्रांत टोचून बघायचे. मी ग्रंथालयाच्या प्रिंटरवर पहिलं पान छापून नेलं. दाजींनी रिले घेतला, म्हणजे खट्ट वाजून मोटार चालू करतो तो डबीसारखा भाग, आणि टोचायला गेले. पाय बसेनात. हाताची थरथर असेल म्हणून मी रिले घेतला. मलाही बसवता येईना. दाजींनी पट्टी मागितली, मापलं, आणि हसायला लागले. "बाई, तुमचा प्रिंटर अंग चोरायलाय!" खरंच होतं. पानाच्या कडा राखायच्या म्हणून प्रिंटरनं सगळं गाव थोडं आकसून छापलं होतं. गौतमराव बाहेरून येऊन बघून गेले. म्हणाले, "बरं झालं कागदावरच कळलं. न्हाईतर शंभर कार्डं आली असती अन् एकात बी रिले बसला नसता." दुसऱ्या रविवारी पान बरोबर छापून आणलं. दाजींनी प्रत्येक भाग स्वतःच्या हातानं टोचला. त्याला पाऊण तास लागला. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, "राहू द्या... एवढं करू द्या मला."

ऑटोच्या या सर्किटात आर-सात नावाचा एक भाग होता. रेझिस्टर, गव्हाच्या दाण्याएवढा, अंगावर रंगीत पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवरून त्याची किंमत वाचायची. वहीत बाकी सगळ्या रेझिस्टरांच्या किमती लिहिलेल्या होत्या. आर-सातसमोर काही नव्हतं. मी विचारलं, "दाजी, हा किती?" ते म्हणाले, "ते बसवताना बघू." पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. "बसवताना बघू की." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वहीकडे बघत "बसवताना" एवढंच म्हणाले, आणि मला वाटलं, यांना आठवत नाहीये. नावं अडतात तसा हा आकडा अडलाय, आणि ते कबूल करायला जड जातंय. मला वाईट वाटलं. मग मी विचारायचं थांबवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्याच संध्याकाळी परतीच्या एसटीत बसल्यावर मी सामानाची यादी उघडली. कोणत्या जागी कोणता भाग, ही यादी सॉफ्टवेअर आपोआप करून देतं. सगळे रकाने भरलेले आणि मध्ये एकच चौकट रिकामी. शेजारचा आर-सहा शंभर के, म्हणजे शंभर किलो-ओहम, होता. मी आर-सातसमोरही शंभर के लिहिलं. दाजींना सांगितलं नाही. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून. खरं सांगायचं तर ग्रंथालयात आम्हाला उलटंच शिकवलेलं असतं : पुस्तकावर प्रकाशनाचं वर्ष नसेल तर 'वर्ष नाही' असं लिहा, अंदाज लिहू नका. मी हे दरवर्षी नव्या सहायकांना सांगत आलेय. तरी रिकामी चौकट मला बघवली नाही.

फाईल पुण्याला गेली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुढचं सर्किट घेतलं, तेच ते तीन जोडण्या राहिलेलं. निघताना दाजी दारापर्यंत आले. "कार्डं आली की तुमी बी या बसवायला. लाईन आल्यावर बघण्यासारखं असतंय." हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेरावा झाल्यानंतर चार दिवसांनी पार्सल आलं. वर दाजींचं नाव. अक्कानं सही केली, पण उघडलं नाही. गौतमरावांना बोलावून त्यांच्या हातात दिलं. हिरवीगार, काठ गुळगुळीत कार्डं. नखपॉलिशचा एकही ओघळ नाही. गौतमरावांनी माझ्या यादीप्रमाणे एकेक भाग बसवला आणि त्यातली सहा कार्डं अक्काच्या रानाशेजारच्या डीपीवर लावायची ठरवली. डीपी म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर. या डीपीवर सहा विहिरी आहेत, अक्काची धरून. तिथली दाजींनी हातानं केलेली कार्डं पंधरा वर्षं जुनी झाली होती, काहींवर मुंग्यांनी घरं केली होती. गौतमरावांनी सगळी जुनी काढली, नवी बसवली. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते, आणि त्या आठवड्यात दिवसाची लाईन होती.

मला कॉलेजमुळे जाता आलं नाही. दुपारी फोन आला. लाईन आली, मोजून दहा सेकंद गेले, आणि सहाच्या सहा मोटारी एकदम लागल्या. मोटार उठताना पहिल्या क्षणाला कितीतरी पट वीज ओढते. सहा जणींनी एकदम ओढली. डीपीवर जाळ झाला, फ्यूज उडाला, सगळं बंद. दुरुस्तीला दोन दिवस लागले. डीपीपासून सगळ्यात लांबच्या विहिरीचे रामकिसनराव पाणी वळवायला सकाळपासून वाफ्यांची दारं धरून उभे होते. ते गौतमरावांना म्हणाले, "दाजी असताना असं कधी झालं न्हाई बरं का. तुमचं ते छापील घेऊन जा परत. मी आपला बटण दाबतो."

मी रविवारी पोचले तेव्हा दुकानाचं अर्धं शटर खाली होतं. गौतमराव आतल्या खोलीत बसले होते. दाजींच्या खुर्चीवर नाही, शेजारच्या स्टुलावर. "ताई, मी आता कार्डाचं काम बंद करतो," ते म्हणाले. "मोटारी भरीन जमंल तवर. दाजी होते तवर ठीक होतं. त्यांचं चित्र चुकलेलं असंल असं माझ्या तोंडानं म्हणवत न्हाई... अन् बरोबर हाय म्हणावं तर डीपी जळाली."

चित्र चुकलेलं नव्हतं. मी वही उघडून प्रत्येक रेघ स्क्रीनशी ताडून पाहिली. दुपार त्यातच गेली. सगळं जुळत होतं. मग मी विचारलं, जुनी कार्डं कुठं आहेत? गौतमरावांनी कोपऱ्यातलं पोतं टेबलावर रिकामं केलं. सहा तपकिरी कार्डं, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर त्या त्या शेतकऱ्याचं नाव. मी ती एका ओळीत मांडली. इतके महिने त्याच चित्राकडे बघत आले होते, त्यामुळे डोळ्यांना गाव पाठ होतं. सहाही कार्डं सारखी होती. एक दाणा सोडून. आर-सातच्या जागी पहिल्यावर तपकिरी, काळी, पिवळी पट्टी. दुसऱ्यावर लाल, लाल, पिवळी. तिसऱ्यावर नारिंगी, नारिंगी, पिवळी...

"शंभर के," गौतमराव पुढं वाकून वाचायला लागले. "दोनशे वीस. तीनशे तीस. चारशे सत्तर." त्यांचा आवाज हळू हळू बदलत गेला. शंभर के म्हणजे सुमारे दहा सेकंद. दोनशे वीस म्हणजे वीस-बावीस. लाईन आल्यापासून कोणत्या मोटारीनं किती थांबायचं, ते आर-सात ठरवत होता.

"मला वाटायचं हाताला येईल तो लावतेत," गौतमराव म्हणाले. दाजी तंबाखू सोडून जमाना झाला होता, पण जर्द्याची चपटी डबी त्यांच्या खिशात कायम असे, आणि तिच्यात हे रंगीत दाणे. कार्ड दुकानात पूर्ण व्हायचं, फक्त आर-सातची जागा मोकळी ठेवून. मग डीपीखाली एक छोटा स्टोव्ह पेटायचा. आधी चहा व्हायचा, मग त्याच आचेवर डाग द्यायचं तांब्याच्या टोकाचं जुनं हत्यार तापायचं. "अन् चहा पिता पिता सगळ्यांना इचारायचे. मोटार किती जुनी? पाईप किती लांब? पाणी किती खोल? मला वाटायचं, गप्पा मारायची आवड हाय माणसाला. मी आपला पेटी उघडून ताटकळायचो. म्हणायचो, दाजी, आटपा की." गौतमरावांनी रामकिसनरावांचं कार्ड उचललं. शंभर के, सगळ्यांत आधी. "बरोबर हाय. ह्याची मोटार म्हातारी, अन् विहीर टोकाला. बाकीच्या चालू झाल्या की लाईनचा दाब उतरतो. मग हिला उठवत न्हाई. म्हणून हिला आधी उठवली."

मग मी त्यांना एसटीतली गोष्ट सांगितली. रिकामी चौकट, शेजारचा आर-सहा, सगळं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हातातल्या कार्डाकडे बघत म्हणाले, "म्हंजे ते इसरले न्हवते."

"नाही."

"तीनदा सांगितलं त्यांनी तुमाला."

"तीनदा."

"मला तर पंधरा वर्स समोर करून दाखवलं," गौतमराव म्हणाले. "मी बी बघितलं न्हाई."

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. टेबलावर शेवटचं कार्ड राहिलं होतं. चिकटपट्टीवर 'घरचं' असं लिहिलेलं. गौतमरावांनी ते उजेडाकडे धरलं. तपकिरी, काळी, हिरवी. "एक मेग," ते म्हणाले. "शंभर सेकंद. सगळ्यात मोठा."

अक्काला मेग कळत नाही, पण शंभर कळलं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. "म्हंजे आपली मोटार मुद्दाम मागं ठिवली होती?"

"मुद्दामच, वहिनी. पाची उठल्या, डीपीनं धरलं, की मग आपली."

"अन् मी पंधरा वर्स त्या माणसाला बोलत हुते..." अक्का आधी हसली. खरंच हसली, अगदी मोठ्यानं. "एकदा तरी सांगावं की न्हाई? 'बघतो' म्हणं! काय बघत हुते?" मग ती दाजींच्या खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. आमच्यापैकी कुणी चहा प्यायलं नाही.

मी अजूनही विचार करते, त्यांनी हे वहीत का लिहिलं नाही? लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. विचारलं तर तासभर समजावून सांगत. एकच वाटतं. वहीत त्यांनी तेवढंच लिहिलं जे टेबलावर बसून ठरवता येतं. आर-सात टेबलावर ठरत नव्हता. तिथं जाऊन, माणसांना विचारून ठरत होता, म्हणून तिथं जागा सोडली होती. मी यादीतला माझा शंभर के खोडला. आणि कार्डाच्या चित्रात, आर-सातच्या शेजारी, पांढऱ्या शाईचा एक छोटा आयत काढला. आत काही न छापता. पुढच्या खेपेची कार्डं येतील तेव्हा गौतमरावांनी त्या आयतात पेनानं सेकंद लिहायचे. हे करायला मला पाच मिनिटं लागली. पुढच्या रविवारी ते चित्र छापून, खऱ्या मापात, मी त्या टेबलावर ठेवून आले.

त्याच रविवारी आम्ही डीपीखाली गेलो. दुपारी एकची लाईन होती. गौतमरावांनी छोटा गॅस पेटवला, अक्कानं चहा टाकला. पाचही शेतकरी आले होते. रामकिसनराव लांब, बांधावर उभे. कार्ड लावायला त्यांनी कसंबसं हो म्हटलं होतं. गौतमरावांनी खिशातून जर्द्याची डबी काढली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेले. "काका, मोटार कितवी ही तुमची? मधी भरून घेतली होती का?"

"तुला ठावं न्हाई का? तूच भरली की!"

"तरी सांगा," गौतमराव म्हणाले.

रामकिसनरावांनी त्यांच्याकडे बघितलं. मग बांधावरून उतरून आले, चहाचा कप घेतला आणि सांगायला लागले. छापील कार्डांवरची आर-सातची जागा गौतमरावांनी आधीच मोकळी केली होती; एकेकाला विचारून, एकेक दाणा निवडून तिथं डाग दिला गेला. काही आकडे जुनेच राहिले, दोन बदलले. एकानं मधल्या काळात नवी मोटार घेतली होती. शेवटी अक्काची पाळी आली. गौतमराव डबी घेऊन थांबले. "वहिनी, तुमचा पाईप आता आखूड झालाय. मधल्या नंबरला घेता येईल तुमाला. काय करू?"

अक्कानं कप विसळला. "हाय तिथंच राहू द्या," ती म्हणाली.

एक वाजून काही मिनिटांनी लाईन आली. दहा सेकंदांनी शिवाराच्या टोकाला खट्ट झालं आणि रामकिसनरावांची म्हातारी मोटार घुमायला लागली. मग दुसरी, अलीकडे. मग तिसरी, ओढ्याच्या बाजूला. दर थोड्या वेळानं एका दिशेकडून आवाज उठायचा आणि आधीच्या आवाजांत मिसळायचा. दाजी म्हणाले होते, बघण्यासारखं असतंय. पाचवी लागली, आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. शेजारच्या पाटांत पाणी वाहत होतं, आमचा पाट कोरडा. अक्का पेटीकडे तोंड करून उभी होती आणि तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ती मोजत होती... ऐंशी, नव्वद. आत्ता ती तक्रार करेल, आणि कुणीतरी 'बघतो' म्हणेल, असं मला वाटत राहिलं.

मग पेटीत खट्ट झालं.